टाकीतल्या पाण्याची थरथर

माणूस विज्ञानाकडे वळतो तो सत्याच्या ओढीने, यावर माझा अनेक वर्षं पूर्ण विश्वास होता. हल्ली मी इतकंच सांगतो, की मी वळलो तो एका अनोळखी गृहस्थाचं तोंड बंद करायला. ते तोंड मी अजून पाहिलेलं नाही.

मी विमा कंपनीत दावे तपासतो. दिवसभर लोकांच्या मोडलेल्या वस्तूंचे फोटो पाहिल्यावर संध्याकाळी काहीतरी जोडावं असं कोणालाही वाटेल. मी सोल्डरिंग करतो. दोन तारा एकमेकींना, आणि कधीकधी आपल्या बोटाला, कायमच्या चिकटवण्याची ही कला आहे. ज्यांना ती येते असे, किंवा ती कशी यायला हवी याबद्दल मत असलेले, असे सगळे लोक इंटरनेटवर 'हौशी इलेक्ट्रॉनिक्स मंडळ' नावाच्या ठिकाणी भेटतात. तिथे कोणी खऱ्या नावाने वावरत नाही. मी 'जिज्ञासू' हे नाव मागितलं, तेव्हा ते आधीच सहा जणांनी घेतल्याचं कळलं. म्हणून मी 'जिज्ञासू७' झालो.

मंडळात मत द्यायला वस्तू स्वतः बनवलेली असावी लागते, अशी अट नाही. उलट ज्यांनी काहीच बनवलेलं नाही त्यांची मतं अधिक पक्की असतात, कारण त्यांचं काही बिघडलेलंही नसतं. मीही त्या वेळी याच गटात होतो. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते घरबसल्या कसं कळेल, असं कोणीतरी विचारलं. मी जेवणाच्या सुट्टीत लिहिलं, "फ्लोट, म्हणजे तो तरंगणारा गोळा, आता विसरा. तो मागच्या शतकातला चेंडू आहे. झाकणाला आतून अल्ट्रासॉनिक सेन्सर लावा. तो आवाज खाली सोडतो, आवाज पाण्यावर आपटून परत येतो, त्यावरून पातळी कळते." या वाक्यांना इतके लाइक मिळाले, की त्या दुपारी मी एक दावा न वाचताच मंजूर करणार होतो.

संध्याकाळी 'शून्यत्रुटी' नावाच्या सभासदाने खाली एक ओळ लिहिली. "आपण स्वतः लावून पाहिला आहे का?"

आता यात वाईट वाटण्यासारखं काय आहे, असं आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं. प्रश्न सरळ होता हे मला मान्य आहे. पण 'आपण' हा शब्द पाहा. जाहीर ठिकाणी परका माणूस 'आपण' म्हणतो, तेव्हा तो आदर दाखवत नसतो, बाह्या सरसावत असतो.

मी लिहिलं, "लावतोच आहे."

"अवश्य लावा," शून्यत्रुटींनी लिहिलं. "टाकीतलं पाणी कधी स्वस्थ नसतं. तुमच्या ग्राफची रेषा थरथरणार. सलग दोन दिवस न थरथरलेली रेषा दाखवलीत, तर मी सर्वांसमक्ष माझं मत मागे घेईन. आजवर मी कोणतंही मत मागे घेतलेलं नाही."

मंडळाच्या नियामकांनी हे निवेदन पानाच्या डोक्यावर टाचून ठेवलं. मंडळात कोणी नुसतं डोकावलं तरी पहिल्यांदा तेच दिसायचं. म्हणजे माझी अब्रू आता गच्चीवरच्या टाकीत होती, आणि टाकी सोसायटीची होती.

आमचे अध्यक्ष बँकेच्या तपासणी विभागातून निवृत्त झालेत. ते दार उघडलं तरी आधी बिजागरीकडे पाहतात. त्यांनी माझ्या अर्जावर कमिटीची बैठक लावली.

"यंत्र पाण्यात असणार का?"

"नाही. पाण्याच्या वर. झाकणाला आतून."

"म्हणजे पडलं तर पाण्यात."

"पडणार नाही हो."

"मी पडेल असं म्हणत नाही. पण पडलं तर पाण्यातच ना? का दुसरीकडे कुठे जाईल?"

दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई भूगोल शिकवतात. त्यांनी विचारलं, "ते आवाज सोडणार म्हणालात. मग तो आवाज टाकीतच राहणार का?"

"नाही, तो परत येतो."

"मग चालेल. तुमच्या मजल्यावरून खाली येणारे आवाज परत जात नाहीत, म्हणून विचारलं."

शेवटी ठराव झाला. "यंत्रामुळे पाण्याच्या रंगात, चवीत अथवा वर्तनात फरक पडल्यास सर्वस्वी जबाबदारी अर्जदाराची राहील." पाण्याचं वर्तन म्हणजे काय ते मी विचारलं नाही. मला स्वतःच्याच वर्तनाची हमी देणं जड जात होतं.

सेन्सर, बॅटरी आणि छोटी सर्किटपाटी मी एका हवाबंद डब्यात बसवली. तारांसाठी डब्याला भोकं पाडली, त्यामुळे तो हवाबंद राहिला नाही, पण दिसायला बंद होता.

"अहो, माझा साखरेचा डबा कुठे आहे?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"कामात आहे."

"आणि साखर?"

साखर मी पातेल्यात ओतली होती आणि पातेलं कुठे ठेवलं ते विसरलो होतो. ते मुंग्यांनी शोधून दिलं.

यंत्र चालू झालं. टाकीची पातळी माझ्या घरातल्या वाय-फायवरून इंटरनेटवर जाऊ लागली, आणि एका उघड्या पानावर रेषेच्या रूपात साऱ्या जगाला दिसू लागली. मी अभिमानाने ते पान मंडळाला दिलं, आणि अभिमान थोडा उरला म्हणून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही टाकलं. रेषा मात्र भर थंडीत उघड्यावर उभ्या केलेल्या माणसासारखी थरथरत होती.

"अपेक्षितच," शून्यत्रुटींनी लिहिलं. पुढे काही नाही. एका शब्दात इतका तिरकसपणा बसवायला मोठीच तपश्चर्या लागते.

मग मंडळ माझ्या मदतीला धावून आलं. एकाने सांगितलं, सेन्सरखाली पाइप उभा करा, पाइपातलं पाणी शांत असतं. केला. थरथर थोडी कमी झाली, पण पाइप तिरका झाल्यामुळे टाकी कायम अर्धी दिसू लागली, म्हणून काढला. दुसऱ्याने स्पंज सुचवला. तिसऱ्याने छंद बदलायला सुचवलं. तळमजल्यावरच्या औषधवाल्यांचं मंडळाशी काही देणंघेणं नाही, पण ते म्हणाले, "पाणी कुठलं थरथरतंय? तुमचं झाकण हलतंय. वर वजन ठेवा." ते इतक्या खात्रीने गोळ्या देतात, की लोकांना त्या खात्रीनेच बरं वाटतं. मी झाकणावर एक वीट ठेवली. झाकण जुनं होतं. वीट आत गेली.

अध्यक्ष गच्चीवर आले. "म्हणजे पडलंच."

"यंत्र नाही पडलं. वीट पडली."

"ठरावात वीट नव्हती," अध्यक्ष म्हणाले आणि खाली निघून गेले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला हलकं वाटलं असतं.

वीट काढली, नवं झाकण माझ्या खर्चाने आलं, आणि थरथरीचं खरं कारण माझ्या लक्षात आलं. लोक पाणी वापरत होते. कोणी नळ सोडला की पातळी हलत होती, वरून धार पडली की लाटा उठत होत्या. टाकीचा दोष नव्हता, सेन्सरचा नव्हता. दोष रहिवाशांचा होता. मी लिफ्टमध्ये विनंतीपत्रक लावलं, की प्रयोगाच्या काळात नळ हळूहळू सोडावेत, बादल्या टप्प्याटप्प्याने भराव्यात आणि फ्लश टाळता येत असल्यास टाळावा. दुसऱ्या दिवशी त्याखाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, "टाळता आला नाही. क्षमस्व."

"मी भांडी घासू का?" सौभाग्यवतींनी विचारलं. "का त्या शून्यवाल्यांची परवानगी काढायची आहे?"

"घास, पण सावकाश."

त्यांनी सावकाश माझ्याकडे पाहिलं. नंतर भांडी घासण्याचा जो आवाज झाला, तो ग्राफवरही स्पष्ट दिसला.

इकडे मंडळातल्या लोकांना माझ्या रेषेचा लळा लागला होता. सकाळी उठून ते आधी आमची टाकी पाहायचे. कोणी लिहायचं, "आज तुमच्याकडे कोणाला तरी उशीर झालाय, दोन बादल्या पाठोपाठ गेल्या." कोणी विचारायचं, "दुपारचा तो छोटा उतार आज दिसला नाही, सगळं ठीक ना?" आपण अंघोळ केली नाही तर परक्या गावातला माणूस काळजी करतो, ही भावना सुरुवातीला सुखद असते.

मग एका सभासदाने बारकाईने लिहिलं, "बादलीने पातळी पायरीपायरीने उतरते. पाइपने घसरगुंडी होते. तुमच्या इमारतीत रविवारी सकाळी कोणीतरी बराच वेळ पाइप सोडून गाडी धुतो."

आमच्या वाहनतळावर एक पाटी आहे. 'पाइप लावून गाड्या धुऊ नयेत. हुकुमावरून, अध्यक्ष.'

मास्तरीणबाईंनी मंडळात डोकावून तो मजकूर सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली एवढंच विचारलं, "रविवारी कोणाची गाडी ओली असते?" ग्रुपवर अर्धा दिवस फक्त सुप्रभाताची फुलं येत राहिली. एरवी तिथे चपला हरवल्या तरी चर्चा रंगते.

अध्यक्ष स्वतः माझ्या दारात आले.

"मी गाडी धूत नाही," ते म्हणाले. "मी ती थंड करतो."

"मी कुठे काही म्हणालो?"

"तुमची टाकी म्हणाली. माझ्या खाजगी पाण्याचं तुम्ही जगभर प्रदर्शन मांडलंत. तो कोण माणूस, कुठे बसतो, त्याला आमची घसरगुंडी दिसते!"

"त्याचं निरीक्षण चांगलं आहे."

"निरीक्षण मीही करतो," अध्यक्ष म्हणाले. "तुमच्या झाकणाची पावती अजून कमिटीकडे आलेली नाही."

अशा वातावरणात माणसाला एखादा तरी चाहता लागतो. माझा चाहता 'वॉल्व्हवाला' नावाचा सभासद होता. मी काहीही टाकलं, की पहिला लाइक त्याचा. शून्यत्रुटी "अपेक्षितच" म्हणाले, की तो लिहायचा, "प्रयत्न करणाऱ्याला नावं ठेवणं सोपं असतं." एकदा त्याने आदराने विचारलं, "जिज्ञासूजी, तुमची टाकी भरतानाची चढण फार देखणी आहे. आमच्या भागात इतक्या वेगाने टाकी भरत नाही. पंप कसा जोडलाय, जरा समजावून सांगाल का?"

असं विचारल्यावर कोण थांबेल? मी तळमजल्यावर जाऊन पंपाचे फोटो काढले. पंप कुठून पाणी घेतो ते नीट कळावं म्हणून फोटोवर लाल बाण काढला. रस्त्यातली मुख्य वाहिनी, तिला थेट जोडलेला पंप, तिथून गच्ची, असं सविस्तर टिपण लिहिलं. विश्वासार्हतेसाठी टाकीचा एक फोटोही जोडला. टाकीवर आमच्या इमारतीचं नाव ठळक अक्षरांत रंगवलेलं आहे. वॉल्व्हवाल्याने लिहिलं, "अत्यंत उपयुक्त माहिती. मनापासून आभार." मी ते घरात वाचून दाखवलं. तेव्हा कोणी मला थांबवलं नाही, हे इथे नमूद करतो.

त्याच आठवड्यात एक चाळिशीतले गृहस्थ काखेत फाइल घेऊन दारात उभे राहिले.

"जिज्ञासू सात आपणच ना?"

"कोण सात?" सौभाग्यवती आतून म्हणाल्या.

"मी वॉल्व्हवाला," गृहस्थ लाजत म्हणाले.

मी त्यांना जवळजवळ मिठीच मारली. चहा झाला. ते गच्चीवर आले, डब्याभोवती फिरले, माझ्या सोल्डरिंगकडे चष्मा वर करून पाहत राहिले. "सर, तुमच्या ग्राफची प्रिंट मी ऑफिसात भिंतीला लावली आहे," ते म्हणाले. माझ्या ऑफिसात माझं काहीच भिंतीला लावलेलं नाही. मला भरून आलं.

"आता पंप बघू या का?"

मीच त्यांना खाली नेलं. दिवा मीच लावला. आड येणारी मोडकी सायकल मीच बाजूला केली.

"बाण दाखवला होतात तो हाच जोड ना?"

"हाच!"

"बाण फार कामी आला, सर." त्यांनी फाइलमधून एक छापील कागद काढला आणि खिशातून तार. ती तार पंपाच्या बटणाभोवती गुंडाळून त्यांनी तिच्यावर शिशाची गोळी दाबली.

"हे काय?"

"सील. मुख्य वाहिनीतून पंपाने थेट पाणी ओढायला बंदी आहे. मी पाणीखात्यात आहे."

"पण तुम्ही मंडळात मला..."

"मंडळ माझी हौस आहे, सर. ही नोकरी." त्यांनी नोटीस पंपावर चिकटवली आणि हळव्या आवाजात म्हणाले, "पुढच्या रस्त्याला पाणी का पोचत नाही म्हणून खातं कधीपासून गळती शोधत होतं. तुमच्या ग्राफवरून कळलं, गळती नाहीच. तुम्ही आहात."

जाताना त्यांनी माझ्याबरोबर एक फोटो काढून घेतला.

त्या दुपारी टाकी संपली. संध्याकाळी जिन्यात बादल्या घेऊन चढणाऱ्यांची रांग होती, कारण टँकर खालीच उभा राहतो. प्रत्येक जण माझ्या मजल्यावर येऊन दम घ्यायला थांबायचा, जे खालच्या मजल्यावर राहतात तेही.

"तुम्ही त्याला स्वतः खाली नेलंत?" अध्यक्षांनी विचारलं.

"दिवासुद्धा लावला," सौभाग्यवती म्हणाल्या. त्यांच्या दोन्ही हातांत बादल्या होत्या, म्हणून मी वाद घातला नाही.

उपाय अवघड नव्हता. इमारतीखाली वापरात नसलेली एक टाकी होती. नळाचं पाणी आधी तिच्यात घ्यायचं, मग पंपाने वर चढवायचं. प्लंबरने जोडणी केली, पण सील काढायला पाणीखात्यात अर्ज लागतो आणि त्या अर्जासोबत, ज्याच्या माहितीवरून कारवाई झाली त्याचं नाहरकत पत्र लागतं. वॉल्व्हवाला गृहस्थ प्रामाणिक होते. त्यांनी माहिती देणाऱ्याच्या रकान्यात 'जिज्ञासू७' असं लिहिलं होतं.

मी अध्यक्षांसह पाणीखात्याच्या खिडकीशी गेलो. "जिज्ञासू सात मीच," मी हळू आवाजात सांगितलं.

"ओळखपत्र?" लिपिकबाई म्हणाल्या. मी दिलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं. "यावर सात नाही."

"ते इंटरनेटवरचं नाव आहे."

"मग इंटरनेटवरच्या माणसाला पाठवा ना."

"तो मीच आहे हो."

"असं कोणीही म्हणेल. आधीचे सहा कुठे आहेत?"

शेवटी अध्यक्षांनी सोसायटीच्या कागदावर, शिक्का मारून, लिहून दिलं, "सदर गृहस्थ हेच जिज्ञासू७ होत, याची सर्व रहिवाशांना पूर्ण जाणीव आहे." बाईंनी कागद घेतला आणि गुरुवारी माणूस येऊन सील काढेल असं सांगितलं.

मी घरी आलो, बादली ठेवली आणि सवयीने मंडळ उघडलं. पानाच्या डोक्यावर शून्यत्रुटींचं नवं निवेदन होतं.

"जिज्ञासू७ यांच्या टाकीचा ग्राफ मी गेले दोन दिवस सलग तपासला. रेषा पूर्ण सरळ आहे. थरथर कुठेही नाही. पातळी किती हा माझा विषय नव्हता, थरथर हा होता. मी माझं मत सर्वांसमक्ष मागे घेतो. अल्ट्रासॉनिक सेन्सर टाकीत स्थिर चालतो."

खाली अभिनंदनाची रीघ लागली होती. वॉल्व्हवाल्याने लाइक दिला होता. रेषा सरळ का आहे हे मंडळात फक्त त्याला ठाऊक होतं. पण तो मंडळातलं खात्यात नेत असे, खात्यातलं मंडळात आणत नसे.

मी बराच विचार केला. एक सभ्य माणूस म्हणून टाकीत पाणी नाही हे सांगणं माझं कर्तव्य होतं. दुसरीकडे, कोणी तसं विचारलं नव्हतं. मी "धन्यवाद" एवढंच लिहिलं. मग पाणी यायच्या आत गच्चीवर गेलो, झाकण उघडलं, सगळ्या तारा कापल्या, डबा सोडवला आणि ते उघडं पान कायमचं बंद केलं. खाली आल्यावर डबा धुऊन स्वयंपाकघरात ठेवला.

"सुटलो," सौभाग्यवती म्हणाल्या. त्या दिवशी त्या माझ्याशी पहिल्यांदाच नीट बोलल्या. कमिटीने तातडीची बैठक घेऊन ठराव केला, की सभासदाने इमारतीची शांतता व रहिवाशांचं खाजगीपण लक्षात घेऊन स्वतःच्या लाडक्या यंत्राचा स्वेच्छेने त्याग केला, याबद्दल कमिटी त्यांची ऋणी आहे. अध्यक्षांनी माझा हात हातात घेतला. "एवढा मोठेपणा मला तुमच्याकडून अपेक्षित नव्हता," ते म्हणाले. मी मान खाली घातली.

गुरुवारी पाणी आलं.